टॉर्क बरोबर, तरी पेटी ओली

भोसरीच्या गोदामातून फ्लोअर क्लीनरच्या पेट्या परत आल्या, तेव्हा तळाचा पुठ्ठा भिजून मऊ पडला होता. ५०० मिलीची एचडीपीई प्लास्टिकची बाटली, २८/४१० मापाची मान, पॉलिप्रॉपिलीनचं झाकण, त्याच्या आत फोमचा लायनर, म्हणजे तोंड बंद करणारी चकती. कॅपिंगवरचा, म्हणजे झाकणं बसवणाऱ्या मशीनवरचा, ऑपरेटर टॉर्कबद्दल, म्हणजे झाकण पिळण्याच्या जोराबद्दल, ठाम होता : "सर, टॉर्क बघा. पंधराच्या खाली एकही नाही."

खोटं नव्हतं ते. बसवताना १५ इंच-पौंड, म्हणजे साधारण १.७ न्यूटन-मीटर, चोवीस तासांनी उघडताना ७ ते ८. झाकणाच्या व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या निम्मे इंच-पौंड बसवताना, आणि उघडताना त्याच्याही निम्म्याच्या आसपास, हा कारखान्यातला ठोकताळा अगदी जुळत होता. अशा वेळी हात टॉर्क वाढवायलाच जातो. वाढवला. १९ वर काही झाकणांचे आटे सरकले, गळती मात्र तशीच.

मग झाकणं उघडून लायनर पाहिले. बाटलीचं तोंड नीट टेकलं की लायनरवर अखंड गोल वळ उठतो. गळक्या बाटल्यांच्या लायनरवर वळ नव्हताच. बाटलीच्या खांद्यावर मात्र झाकणाची कड घासल्याची पांढरट रेघ होती. टॉर्क मीटर इतका वेळ मोजत होता ते हे घासणं.

एच, म्हणजे तोंडाच्या वरच्या कडेपासून खांद्यापर्यंतची उंची, ड्रॉइंगवर १८.१ ± ०.४ मिमी. गळक्या बाटल्यांत १७.७, म्हणजे मापातच. झाकणाची आतली खोली १८.८, तीही बरोबर. बदलला होता तो लायनर : आधी १.५ मिमी, नव्या लॉटमध्ये १ मिमी. त्यामुळे लायनरपासून झाकणाच्या कडेपर्यंतचं अंतर १७.३ वरून १७.८ वर गेलं. कड खांद्यावर टेकायची, तेव्हा लायनर तोंडापासून ०.१ मिमी वरच राहायचा.

२८/४१० या आकड्यांतून व्यास कळतो आणि आटा साधारण दीड फेरा आहे हे कळतं. लायनर किती जाड, हे त्यात कुठेच नसतं, आणि खरेदीवाले एवढ्याच आकड्यांवर ऑर्डर देतात.

सगळ्याच बाटल्या का गळत नव्हत्या? १८.२ उंचीच्या बाटलीत लायनर दाबला जायला ०.४ मिमी जागा उरत होती. गळक्या उलट्या करून तळाचा कॅव्हिटी नंबर, म्हणजे साच्यातल्या कुठल्या खणातून बाटली निघाली तो आकडा, पाहिला, तर सगळ्या ३. बाटलीवाल्याकडे त्या कॅव्हिटीची तोंड कापणारी प्लेट धार लावायला घासली होती. जेवढी घासली तेवढी मान बुटकी झाली.

३ नंबरच्या बाटल्या बाजूला काढून १.५ मिमी लायनरची झाकणं पुन्हा मागवली. ती ३ नंबरच्या बाटल्यांवर बसवून, रंगीत पाण्याने भरलेल्या बाटल्या टिपकागदावर आडव्या ठेवून व्हॅक्यूम दिला. कागद कोरा राहिला. झाकणाच्या ड्रॉइंगवर आता एक माप वाढलंय : लायनरच्या खालच्या बाजूपासून कडेपर्यंत जास्तीत जास्त १७.४ मिमी.