तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडचा चहा कसा असतो?

इंग्लंडहून मिरजेला गेले की तिसऱ्या-चौथ्या घरी हा प्रश्न येतोच. कपबशी हातात देता देता मावशी म्हणते, "तिकडचा चहा कसा असतो गं? आपल्यासारखा मिळतो का?" गेल्या खेपेला आत्याने त्यात भर घातली. मी आणलेलं खोकं उलटसुलट करून बघत म्हणाली, "यॉर्कशायरला चहाचे मळे आहेत होय?" दरवेळी मी "बरा असतो" एवढं बोलून वेळ मारून नेते. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि ते सांगेपर्यंत हातातल्या चहावर साय धरेल. तेव्हा आता सवडीने लिहिते.

आधी आत्याचं. यॉर्कशायर म्हणजे मी राहते तो उत्तर इंग्लंडातला मुलूख, तिथे चहाचे मळे नाहीत. मेंढ्या आहेत, दगडी कुंपणं आहेत आणि पाऊस आहे. 'यॉर्कशायर टी' हे हॅरोगेट गावच्या टेलर्स कंपनीने १९७७ साली बाजारात आणलेलं मिश्रण. त्यातला चहा येतो आसाम, केनिया, रवांडा अशा ठिकाणांहून. आसामच्या चहाने चवीला भरीवपणा येतो, पूर्व आफ्रिकेच्या चहाने तो तांबूस, तजेलदार रंग. खोक्यावर नाव कोणतंही असो, ब्रिटनमधल्या रोजच्या चहाची घडण साधारण अशीच. आणि आतली पूड म्हणजे आपल्या दाणेदार चहाची सख्खी बहीण. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारं सीटीसी यंत्र १९३० च्या सुमारास आसाममध्येच निघालं. बारीक दाण्याचा रंग लवकर सुटतो, म्हणून तो टपरीवाल्यालाही सोयीचा आणि टी-बॅगा भरणाऱ्यालाही.

तर पूड तीच. मग चव कुठे बदलते, हे कळायला मला तीन वर्षं लागली आणि ते कळलं एका बांधकामावर.

२००८ साली नोकरीसाठी आले तेव्हा मी रीडिंगला राहत होते, लंडनच्या पश्चिमेला. तिथल्या चहाबद्दलचं मत मी फोनवर मिरजेला कळवून टाकलं होतं: फुळकवणी. आपल्याकडे रेल्वेत मिळतो त्या डिप चहाचा थोरला भाऊ. मगात पुडी बुडवायची, अर्ध्या मिनिटात काढायची, वर दूध. शिवाय त्यावर एक राखाडी तवंग यायचा. रश्श्यावर तवंग दिसला की आपला जीव सुखावतो, चहावर दिसला की मोरी आठवते. मगाच्या आत तपकिरी कडं बसायचं ते घासूनही जात नसे. मी दूध बदलून पाहिलं. कंपनी बदलून पाहिली. शेवटी एका रविवारी पातेल्यात आधण ठेवलं, दोन पुड्या टाकल्या आणि आपल्या पद्धतीने खळखळून उकळी आणली. एक पुडी फुटली. घरात गाळणं नव्हतं. तो चहा मी दातांनी गाळून प्यायले.

मग यॉर्कशायरमधल्या लीड्सला नवी नोकरी लागली. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे आराखडे करणारी छोटी कचेरी आहे आमची, आणि आठवड्यातून एकदा तरी साइटवर जावं लागतं. पहिल्याच हिवाळ्यात, पत्र्याच्या खोलीत हात चोळत उभी असताना तिथला मुकादम म्हणाला, "ब्रू घेणार का?" इकडच्या बोलीत चहाला ब्रू म्हणतात. त्याने मगात पुडी टाकली, किटलीतलं पाणी उकळी मोडायच्या आत तिच्यावर ओतलं आणि माझ्याशी गळक्या पन्हळीबद्दल बोलायला लागला. चांगली पाच मिनिटं बोलला. पुडी तशीच बुडालेली. इथल्या रोजच्या पुड्यांना दोरा नसतोच, त्यामुळे ती वर-खाली झुलवत बसायचा प्रश्न येत नाही. बोलून झाल्यावर त्याने ती चमच्याने मगाच्या कडेशी एकदा दाबून बाहेर काढली आणि बेताचं दूध घातलं. रंग भाजलेल्या विटेचा. याला इथे 'बिल्डर्स टी' म्हणतात, म्हणजे गवंड्याचा चहा. आणि तो मला अक्षरशः गवंड्याने करून दिला होता.

पहिल्या घोटाला जिभेच्या दोन्ही कडा आवळल्या, कच्ची सुपारी खाल्ल्यावर आवळतात तशा. मागून भाजलेल्या सातूसारखी खमंग चव आली. आणि वर तवंगाचा मागमूस नाही.

घरी येऊन फडताळ उघडलं. आतलं खोकं रीडिंगहून आणलेलं, अर्धं संपलेलं, आणि साइटवर होतं तेच. मुकादमासारखीच पुडी पाच मिनिटं बुडवून ठेवली. चहा तसाच झाला.

पाच मिनिटांचा त्यात वाटा होताच, पण मुख्य गोष्ट पाण्याची. रीडिंग काय, लंडन काय, तो सगळा मुलूख खडूच्या दगडावर बसलेला आहे. पाणी त्यातून झिरपतं ते चुना घेऊनच वर येतं. तिथल्या किटलीच्या बुडाशी महिन्याभरात पांढरा थर बसतो, तो लिंबूसत्त्व टाकून काढावा लागतो. लीड्सच्या नळाला येतं ते डोंगरातल्या धरणांचं आणि नद्यांचं, त्या मानाने बरंच हलकं पाणी. मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बोरच्या जड पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही म्हणून आजी नदीच्या पाण्याची कळशी डाळीसाठी वेगळी ठेवायची. पण चहाबद्दल असं कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. आपण तो इतका उकळतो, त्यात दूध, साखर, आलं इतकं घालतो, की पाण्याची खोड त्यात झाकली जाते. इथल्या चहात झाकायला काही नसतंच.

तवंगाचं कारणही तेच. पाण्यातला चुना, चहातली द्रव्यं आणि हवेतला प्राणवायू यांचं मिळून ते कारस्थान होतं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात यावर चक्क शोधनिबंध लिहिलेत. लिंबू पिळलं तर तवंग धरत नाही, हा त्यावरचा शास्त्रीय उपाय. पण दुधाच्या चहात लिंबू पिळलं तर पनीर होईल, तेव्हा तो उपाय आपल्या कामाचा नाही. हॅरोगेटवाले जड पाण्यासाठी वेगळं खोकं विकतात. मी रीडिंगला होते तेव्हा मला कुणी ते दाखवलं असतं तर फोनवर एवढी बदनामी केली नसती.

पाच मिनिटं म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कोण थांबतं? ब्रिटनच्या मानक संस्थेने चहा कसा करावा याचं सहा पानांचं मानक काढलेलं आहे. शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम पूड आणि सहा मिनिटं. यासाठी त्यांना १९९९ साली इग नोबेल, म्हणजे थट्टेतलं नोबेल मिळालं. खरं तर ते मानक चहा चाखून पारखणाऱ्यांसाठी आहे, सगळे नमुने एकाच रीतीने तयार व्हावेत म्हणून. घरी कुणी असं मोजत नाही. इतका वेळ मुरलेला चहा कोरा प्यायलात तर तोंड वाकडं होईल. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तो तुरटपणा धरून ठेवतं, म्हणून इथे दूध हवंच, पण दोन-तीन चमचे. दूध आधी की नंतर यावरून इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाद आहेत. माझं मत सरळ आहे. किटलीवजा भांड्यात चहा मुरवून कपात ओतणार असाल तर काय वाटेल ते करा. मगातच पुडी असेल तर दूध आधी घालू नका, पाणी निवतं आणि रंग सुटत नाही. माझी एक सहकारी घालते. बाकी सगळ्या बाबतीत तिच्याशी माझं चांगलं जमतं.

एका फजितीची गोष्ट सांगायला हवी, कारण तुमच्यापैकी कुणी इकडे येणार असाल तर उपयोगी पडेल. लीड्समधल्या पहिल्याच वर्षी शेजारच्या आजींनी आम्हाला संध्याकाळी साडेपाचला 'टी'ला बोलावलं. चहाला जायचं म्हणून आम्ही घरी पोटभर पोहे खाल्ले, बिस्किटांचा पुडा घेतला आणि गेलो. टेबलावर भाजलेल्या बटाट्यांची परात, 'पाय' म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री, वाटाणे, ग्रेव्ही. उत्तर इंग्लंडात 'टी' म्हणजे रात्रीचं जेवण. पुन्हा जेवलो. चहा आला तो शेवटी. आजींनी भांड्यात पूड घालताना माणशी एक चमचा मोजला आणि वर एक जास्तीचा टाकला. तो किटलीच्या नावाचा, म्हणाल्या. जुनी रीत आहे म्हणे. युद्धाच्या काळात माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे सत्तावन्न ग्रॅमच चहा मिळायचा, आणि तो नियम १९५२ पर्यंत चालला. त्यांचं लहानपण त्यात गेलेलं. किटलीचा चमचा तेव्हा बंद होता.

आपण 'चहा टाकते' म्हणतो. इथे किटलीचं बटण दाबतात, आणि ते बटण दाबायला सगळा देश एकाच वेळी उठतो. १९९० च्या विश्वचषकात इंग्लंड उपांत्य सामना पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं, आणि लोक टीव्हीसमोरून उठले तशी विजेची मागणी एकदम २८०० मेगावॅटने वाढली. आपल्या कोयनेची सगळी क्षमता १९६० मेगावॅट आहे. म्हणजे अख्खी कोयना लावली असती तरी त्या रात्रीच्या किटल्यांना पुरली नसती. वीज मंडळाची माणसं सामना कधी संपणार यावर डोळे लावून बसलेली असतात, असं ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पण एकेक किटली तीन हजार वॅटची. मगभर पाणी मिनिटाच्या आत उकळतं.

या किटलीमुळेच बाबांचं इथल्या चहाशी जमलं. ते तीन महिने राहिले होते. पहिल्या दिवशी मग हातात घेऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बशी मागितली. बशी दिली. बशीत ओतून एक भुरका मारला आणि म्हणाले, "चहा बरा आहे. पण ह्याला वास कुठाय?" मला ते फार पटलं. आल्याचा, वेलचीचा, दूध उतू जाता जाता वाचल्याचा वास घरभर फिरतो तेव्हा आतल्या खोलीतलं माणूस आपण होऊन बाहेर येतं. इथे चहा झाल्याचं घरात कुणाला कळतसुद्धा नाही. पण आठवड्याभरात बाबा पहाटे साडेपाचला उठून, कुणालाही न उठवता, स्वतःचा चहा करायला लागले. मिरजेत हे त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. तिथे एका माणसासाठी चहा टाकणं म्हणजे आईने उठणं, पातेलं, गाळणं, चोथा, ओटा पुसणं. आई हल्ली फोनवर विचारते, तसली किटली इथे केवढ्याला मिळेल.

माझं स्वतःचं विचाराल तर सकाळी कामावर जाताना मी गवंड्याचा चहाच पिते. तो उभ्याउभ्या पिता येतो आणि डोळे उघडतो. सोबत बुडवायला डायजेस्टिव्ह बिस्किट. ते पार्ले-जीइतकं पटकन विरघळत नाही, पण गाफील राहिलात तर तळाशी जातंच. संध्याकाळी आणि कुणी घरी आलं की पातेलं चढतं. त्यात मात्र मी इथलीच पूड घालते, पुडी कात्रीने कापून. गाळणं आता तीन आहेत.

राहिला प्रश्न, येताना कुठला चहा आणू. मावशी, खरं सांगू का, नको. टेटली पाहिजे म्हणालीस, ती कंपनी २००० साली टाटांनी घेतली. तुझ्या घरी रेड लेबल आहे तिचं मूळ ब्रुक बाँड, ते १८६९ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेलं दुकान. आपण एकमेकांचाच चहा विमानाने इकडून तिकडे नेतोय. आणि तुमच्याकडे सध्या बोरचं पाणी चालू आहे, त्यात माझं खोकं वाया जाईल. त्यापेक्षा मीच येताना परसातल्या गवती चहाची पाती वाळवून घेऊन जाईन. फक्त मागच्या वेळेसारखी लोणच्याच्या बरणीशेजारी बांधू नका.