सेंट क्लेअर सरोवरातील मस्कीसाठी क्रँकबेटची निवड: यंदाच्या मोसमाची नोंद

मिशिगन आणि ऑन्टारिओ यांच्यामध्ये पसरलेले सेंट क्लेअर सरोवर विस्ताराने मोठे असले, तरी त्याची सरासरी खोली जेमतेम 11 फूट आहे, आणि जहाजांसाठी खोदलेला मार्ग वगळला तर 21 फुटांहून खोल पाणी तेथे मिळत नाही. त्यामुळे मस्की या मोठ्या शिकारी माशाच्या ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत केलेल्या मासेमारीसाठी, आमिष निवडताना ते किती खोल जाते, यापेक्षा वेगात सरळ धावते का, हा निकष मी यंदा आधी लावला आहे आणि पेटीतील सगळ्या क्रँकबेटची (पुढे ओठासारखी पट्टी असलेल्या, माशाच्या आकाराच्या कृत्रिम आमिषांची) छाननी त्यानुसारच चालू आहे.

भर उन्हाळ्यात येथे मस्कीसाठी होडी ताशी 4 ते 5 मैल वेगाने चालवतात. ताशी 3 मैलांना सुरेख डुलणारे आमिष या वेगाला कुशीवर कलंडते किंवा गरगरत पृष्ठभागावर येते. म्हणून प्रत्येक आमिष होडीच्या कडेला सात-आठ फूट दोरीवर सोडून मी वेग हळूहळू वाढवत नेतो. ते डावीकडे ओढत असेल, तर नाकावरची, दोरी बांधायची कडी पकडीने केसभर उजवीकडे वाकवायची आणि पुन्हा पाहायचे. लाकडी आमिषाची कडी मात्र फार वेळा वाकवू नये, कारण ती सैल झाली की लाकडात पाणी शिरते आणि चाल कायमची बिघडते.

या चाचणीत बिलीव्हर नावाचे आठ इंची क्रँकबेट मला सर्वांत भरवशाचे वाटले. त्याला दोन कड्या असतात; पुढच्या कडीला दोरी बांधली की ते उथळ धावते आणि मागच्या कडीला बांधली की खोल जाते, त्यामुळे एकाच आमिषावर दोन कामे होतात. मस्कीचे जुने वाटाडे होमर लेब्लँक यांच्या स्विम व्हिझ या आमिषालाही हीच सोय आहे. होडीच्या पंख्याने घुसळलेल्या फेसाळ पाण्यातच आखूड दोरीवर आमिष ओढण्याची रीत त्यांनी याच सरोवरात रूढ केली, आणि ती आजही मासा देते, हे मी आवर्जून सांगेन.

झेब्रा शिंपले 1988 मध्ये याच सरोवरात आढळले. त्यांनी पाणी गाळून नितळ केले, प्रकाश तळापर्यंत पोहोचला आणि पाणवनस्पती फोफावल्या. आता आमिष त्यांच्या शेंड्यांच्या फूटभर वरून जाईल, एवढीच दोरी सोडावी लागते. रॉडच्या टोकाची थरथर एकसारखी असेल तर सारे ठीक आहे. ती मंदावली की आमिषाच्या ओठावर गवताची काडी अडकली असे समजून तत्काळ दोरी गुंडाळावी, कारण गवत लागलेल्या आमिषाकडे मस्की ढुंकूनही पाहत नाही. रंगाचा विचार मी शेवटी करतो: नितळ पाण्यात पर्च माशासारखे पट्टे आणि वाऱ्याने पाणी गढूळ झाल्यावर नारिंगी किंवा फायरटायगर (काळ्या पट्ट्यांचा झगझगीत हिरवा-पिवळा-नारिंगी).

सर्व आमिषांचे तीन टोकांचे मूळ गळ काढून अधिक मजबूत गळ बसवले आहेत, आणि गळ कापण्याची कातर हाताशीच असते. मासा पाण्याबाहेर न काढता जाळ्यातच मोकळा करता यावा, हा त्यामागील हेतू आहे. पाणी 80 अंश फॅरनहाइटच्या पुढे गेले की सोडलेला मासाही दगावण्याची शक्यता वाढते, तेव्हा त्या दिवसांत ट्रोलिंग बंदच ठेवतो.

शरद ऋतूत पाणी थंडावल्यावर वेग ताशी 3 मैलांच्या आसपास आणून दहा इंची, सांधा असलेली आमिषे वापरायची आहेत. उन्हाळ्याच्या वेगाला न टिकलेली काही सांधेवाली आमिषे त्यासाठीच बाजूला ठेवली आहेत.