उन्हाची राखण

लहानपणी मे महिन्यात गच्चीवरचं माझं काम ठरलेलं. जुन्या साडीवर घातलेल्या कुरडयांजवळ काठी घेऊन बसायचं, कावळे हाकलायचे आणि पाण्याच्या टाकीची सावली आली की साडी ओढून उन्हात न्यायची. हा अनुभव पुढे न्यू जर्सीत हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौसेखातर बिनतारी संदेश देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या, मेळाव्यात कामाला येईल, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मेळाव्याचं नाव फील्ड डे. अमेरिकन रेडिओ रिले लीग ही तिथल्या हॅमची संघटना १९३३ पासून तो भरवते. जूनचा चौथा पूर्ण शनिवार-रविवार ठरलेला. हौशी मंडळी घरचं सगळं सोडून मैदानात तंबू ठोकतात, झाडांवर तारा चढवतात आणि शनिवारी आमच्या दुपारी दोनला ‘सीक्यू फील्ड डे’, म्हणजे ‘ऐकणाऱ्या कुणीही उत्तर द्या’, अशा हाकांनी बँड, म्हणजे हॅमचा रेडिओ लहरींचा पट्टा, भरून जातो. उद्या वादळात वीज गेली, मोबाइल मुके झाले तर आपल्याला संपर्क जुळवता येईल का, याची ही रंगीत तालीम. भूजच्या भूकंपात हॅमनी केलेल्या कामाबद्दल वाचलं होतं, त्यामुळे मला तालमीचं अप्रूप होतं. बाकी वातावरण म्हणाल तर गणपतीच्या आदल्या रात्रीच्या मांडवासारखंच: दोघं काम करणार, सहा जण सल्ले देणार.

माझ्या पहिल्या वर्षी क्लबने १०० वॅटचं घडीचं सोलर पॅनेल आणि २० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणली होती. सूर्यासारख्या नैसर्गिक ऊर्जेवर निदान पाच संपर्क केले की १०० गुण जास्तीचे मिळतात. मी अगदीच नवखी, म्हणून पॅनेल माझ्या गळ्यात पडलं. क्लबमधले एक वयस्कर गृहस्थ, मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणते, पॅनेल खुर्चीला टेकवून म्हणाले, “आकडा बघत राहा.” मीटरवर चार अँपिअर दिसत होते. थोड्या वेळाने मेपलची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर, जेमतेम तळहाताएवढी आली आणि आकडा एकदम एकवर. आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकाने हात आखडला की सगळी रांग अडते. मी उठले, पॅनेल ओढलं, पुन्हा चार. मग काय, अर्ध्या-अर्ध्या तासाने सूर्य सरकेल तसं खुर्चीसकट पॅनेल फिरवत राहिले. पाच वॅटच्या आमच्या रेडिओ सेटला एवढं ऊन पुरून उरत होतं.

खरी गंमत रविवारी झाली. रात्रभर रेडिओ छान चालला होता. सकाळी ऊन चढलं तशी वीस मीटरच्या बँडवर खरखर सुरू झाली, कढत तेलात भजी सोडल्यासारखी. दूरची स्टेशनं तिच्यात बुडून गेली. कुणी मैदानातल्या दिव्यांना दोष दिला, कुणी शेजारच्या जनरेटरला. तज्ज्ञांची सभा चालू असताना मला मात्र उन्हाने भोवळ यायला लागली, म्हणून छत्री उघडली. तिची सावली पॅनेलवर पडली आणि खरखर थांबली. छत्री बाजूला केली, खरखर हजर. तीन वेळा करून पाहिलं, मग आजोबांना हाक मारली.

दोषी निघाला चार्ज कंट्रोलर, पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला डबा. पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीजोगा करताना आतला स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. कंट्रोलर हलक्या प्रतीचा असला की तो गोंगाट तारांवर चढतो आणि लांबलचक तारा अँटेनासारख्या तो पसरवतात. आजोबांनी खिशातून फेराइटची, म्हणजे असा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाची, कडी काढली, वायरचे आठ-नऊ वेढे त्यातून घेतले, कंट्रोलर रेडिओपासून लांब नेला. खरखर बरीच उतरली. तरी एखादं क्षीण स्टेशन ऐकायचं झालं की ते हात वर करायचे आणि मी पॅनेलवर छत्री धरायचे. पाचवा संपर्क असाच झाला आणि त्याचा माइक त्यांनी माझ्या हातात दिला. “टू अल्फा, नॉर्दर्न न्यू जर्सी,” म्हणजे आमच्या स्टेशनचा वर्ग आणि विभाग, एवढंच बोलायचं होतं, तेही मी अडखळत बोलले.

त्या संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. एवढी काळवंडलीस कशाने, म्हणाली. वाळवण राखत होते, म्हटलं.

त्यानंतरचे बहुतेक फील्ड डे मी चुकवले नाहीत. एका वर्षी पावसाने पॅनेल पिशवीतून बाहेरच काढू दिलं नाही, तेव्हा थालीपिठं मात्र चांगली खपली. आता कंट्रोलर नवा आहे, खरखर जवळपास नाही. पण सामानाच्या यादीत बॅटरी, केबल, फेराइट यांच्याखाली आजोबांच्या तिरक्या अक्षरात अजून एक ओळ असते: छत्री, १ नग.