चिंगीचा पट्टा आणि चिप : माझा अनुभव

चिंगी चार किलोची, पूर्णपणे घरात राहणारी मांजर. खिडक्यांना बॉक्स ग्रिल, बाल्कनीला कबुतरांची जाळी. तरीही ओळख पटण्याची सोय हवीच होती. घराबाहेर कधी न गेलेली मांजर दारातून निसटली तर सहसा लांब जात नाही, जिन्याखाली किंवा गाडीखाली दबून बसते आणि आपण हाक मारली तरी ओ देत नाही. ज्याला सापडते त्याला ती भटकीच वाटते. म्हणून मी दोन्ही केलं: कातडीखाली बसवायची ओळखीची चिप कायमची, पट्टा वरून घालायचा. दोन्हींतलं एकच निवडायचं झालं तर मी चिपच निवडेन.

आधी पट्ट्याचं सांगते. दुकानात मांजरीचा म्हणून मिळणारा घुंगरूवाला नायलॉनचा पट्टा नीट बघून घ्या. बऱ्याच पट्ट्यांना शाळेच्या दप्तरासारखं बकल असतं, दोन्ही बाजूंनी दाबल्याशिवाय ते सुटत नाही. ग्रिलच्या टोकात पट्टा अडकला की मांजर घाबरून अंगाला पीळ देते, आणि हे बकल तसंच राहतं. गळफास बसतो तो इथे. ब्रेकअवे बकल दाबावं लागत नाही, जोराचा हिसका बसला की आपोआप सुटतं. पण पाकिटावर ‘सेफ्टी’ छापलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. रिकाम्या पट्ट्याचं बकल लावून त्याचा गोल दाराच्या हुकाला अडकवा आणि खालच्या बाजूला दोन लिटरची भरलेली बाटली दोरीने बांधून सोडा. चार किलोच्या मांजरीचं हे निम्मं वजन. एवढ्यावर बकल सुटलं नाही, तर तो पट्टा नको. चिंगीसाठी आणलेल्यांपैकी एक पट्टा याच चाचणीत बाद झाला. ही चाचणी अधूनमधून पुन्हा करावी लागते, कारण खाचेत केस आणि मळ साचला की बकल घट्ट होतं.

इलास्टिकचा पट्टा मला सर्वांत धोकादायक वाटतो. तो ताणला जातो म्हणून सुरक्षित, असं दुकानदार सांगतात. नेमकं उलटं घडतं. खाजवताना किंवा पट्टा काढायच्या खटपटीत पुढचा पाय त्यातून आत जातो, पट्टा काखेत बसतो आणि प्रत्येक पावलाला कातडी कापत राहतो. काखेतली जखम चालताना सतत ताणली जाते, त्यामुळे लवकर भरत नाही आणि कित्येकदा शस्त्रक्रियेची वेळ येते. साधा पट्टा सैल असला तरी हाच धोका, शिवाय अंग चाटताना खालचा जबडा त्यात अडकतो. घट्ट होईल या भीतीने लोक पट्टा सैल ठेवतात, त्यातून हे प्रकार होतात. मान आणि पट्टा यांच्यामध्ये एक बोट सहज, दोन बोटं जरा कष्टाने जावीत. माप घेताना मांजर बिथरलेली असेल तर मान आणि केस फुगलेले असतात, म्हणून दहा मिनिटांनी ती निवांत झाली की पुन्हा तपासा. वाढत्या पिल्लाचं माप दर आठवड्याला बघायलाच हवं.

लोंबणारा बिल्ला मी लावला नाही, कारण तो जाळीत अडकतो. पट्ट्यावरच पर्मनंट मार्करने मोबाइल नंबर आणि ‘चिप आहे’ एवढं लिहिलं. सवय लावताना जेवणाआधी पट्टा घालायचा, खाणं संपलं की काढायचा, मग हळूहळू वेळ वाढवायची. पहिल्यांदा मांजर उलटी चालते, आडवी पडते, ते ठीक आहे. आपण घरात नसताना मात्र सुरुवातीला पट्टा काढूनच ठेवा. पावसाळ्यात ओला पट्टा लगेच उतरवा, नाहीतर खाली कातडी लाल होते.

गोचीड-पिसवांचा कुत्र्याचा पट्टा मांजरीला कधीच घालू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजरीला झटके येतात, जीवही जाऊ शकतो. पिसवांवर डॉक्टर वजनाप्रमाणे मानेवर टाकायचं औषध देतात, ते घ्या.

आता चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण 12 मिलिमीटर लांब, दोन्ही खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईने सोडतात. तिला बॅटरी नसते, जीपीएसही नसतो. स्कॅनर जवळ आणला की फक्त 15 अंकी क्रमांक वाचता येतो. चिप आयएसओ 11784/11785 या आंतरराष्ट्रीय मानकाची आहे ना, हे आधी विचारून घ्या. डॉक्टरांनी आधी मांजरीचं अंग स्कॅन करून जुनी चिप नाही ना ते बघितलं, मग पाकिटातलीच चिप वाचून स्टिकरवरच्या क्रमांकाशी ताडली, सुई दिल्यावर पुन्हा वाचली. हे तिन्ही वेळचं स्कॅनिंग आग्रहाने करून घ्या. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते, म्हणून नसबंदीच्या भुलीतच चिप बसवून घेतात तेही सोयीचं. पण मांजर युरोपात न्यायची असेल तर थांबू नका: रेबीजची लस चिपच्या आधी दिली असेल तर ती धरत नाहीत. भारतातून जाताना लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताची चाचणी आणि नमुना घेतल्यापासून तीन महिन्यांची वाट असते.

चिप बसवली म्हणजे आपलं नाव कुठे आपोआप नोंदलं जात नाही. क्रमांकासह नाव-फोन डेटाबेसमध्ये स्वतः भरायचा, स्टिकर लसीकरणाच्या कार्डावर चिकटवायचं, फोन नंबर बदलला की दोन्हीकडे बदलायचा. चिप क्वचित खांद्याकडे सरकते, म्हणून वार्षिक लसीच्या वेळी ती वाचून घ्या, आणि स्कॅनर फक्त मानेवर नाही, खांद्यांवरून पायांपर्यंत फिरवायला सांगा.

सोसायटीतल्या मांजरींना मायेपोटी पट्टे बांधले जातात, ते बघून जीव कळवळतो, कारण पुढे तो सैल करायला कोणी नसतं आणि वाढत्या पिल्लाच्या गळ्यात तो रुततो. नसबंदी झाल्याची खूण म्हणून भुलीत कानाचं टोक कापतात, तेवढी पुरते. आणि एखादी मांजर कोणाची आहे का एवढंच विचारायचं असेल तर कागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, ‘ही तुमची मांजर असेल तर फोन करा’ आणि नंबर लिहा, गळ्याभोवती सैलसर धरून टोकं चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्याने एकमेकांना जोडा, केसांना नाही. कुठे अडकली तर पट्टी फाटते, आणि मालक असेल तर बहुधा फोन येतो.