धुळ्याचे डाइक चंद्रावर असते, तर दिसले असते का?

धुळ्याहून साक्री-पिंपळनेरकडे जाताना शेतांच्या मधून काळ्या दगडाचे लांबलचक, सरळ कणे धावताना दिसतात. हे डाइक. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर आला, तेव्हा भेगांत घुसून तिथेच थिजलेला हा बेसाल्ट. धुळे-नंदुरबार पट्ट्यात असे शेकडो डाइक आहेत आणि बहुतेकांची दिशा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे. ग्रहांच्या पृष्ठभागाचा अभ्यास करू पाहणाऱ्या खान्देशातल्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगली शाळा मिळणार नाही, असं मला मनापासून वाटतं. कारण चंद्राच्या छायाचित्रांतला सर्वांत फसवा दोष ही पूर्व-पश्चिम दिशाच शिकवते.

तो दोष उजेडाच्या दिशेचा. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला आहे. त्यामुळे विषुववृत्ताजवळ सूर्य पूर्वेला उगवतो, जवळजवळ डोक्यावरून जातो आणि पश्चिमेला मावळतो. उजेड तिरका असेल तेव्हा तो पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडूनच येतो. उत्तर-दक्षिण धावणारा उंचवटा लगेच उठून दिसतो. रुपेस रेक्टा हा सुमारे ११० किलोमीटर लांबीचा कडा शुक्ल अष्टमी-नवमीला छोट्या दुर्बिणीतूनही काळी रेघ होऊन दिसतो, कारण तो जवळपास उत्तर-दक्षिण आहे. पूर्व-पश्चिम उंचवट्याच्या नशिबी हे नाही.

आकडे मांडले की हे नीट कळतं. सूर्य क्षितिजावर २० अंश आणि उंचवट्याच्या दोन्ही बाजूंचा उतार १० अंश धरा. हिलशेड म्हणजे उंचीच्या नकाशावर ठरावीक दिशेने उजेड टाकून काढलेलं चित्र. त्याच्या साध्या गणितात सपाट जमिनीचा उजळपणा (० काळोख, १ पूर्ण उजेड) ०.३४२ येतो. उजेड उंचवट्याला आडवा आला तर एक बाजू ०.५०, दुसरी ०.१७. तोच उजेड उंचवट्याच्या लांबीने आला तर दोन्ही बाजू ०.३३७, म्हणजे सपाट जमिनीशी फरक दीड टक्क्याच्या आसपास. दगडाच्या रंगातला फरकच याहून जास्त असतो. उंचवटा जागेवर असतो, चित्रात नसतो.

हे धुळ्यावर करून बघा. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोडेम हे ३० मीटरचं डेम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, फुकट मिळतं. ते क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडून यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या नकाशापद्धतीत बदला आणि मग हिलशेड काढा. उजेडाची उंची २० अंश ठेवा, दिशा एकदा ० (उत्तर) आणि एकदा ९० (पूर्व). पहिल्या चित्रात साक्रीच्या बाजूचे कणे भराभर दिसतील, दुसऱ्यात बरेच गायब होतील. एक लक्षात ठेवा : डाइक स्वतः अनेकदा ३० मीटरपेक्षा अरुंद असतो. डेममध्ये दिसते ती त्याच्या आधाराने झिजायची राहिलेली टेकडी. जो डाइक जमिनीशी सपाट झिजला आहे तो कुठल्याच उजेडात दिसणार नाही, त्यासाठी पायीच जावं लागतं. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं वापरणार असाल तर डिसेंबर-जानेवारीची घ्या. तेव्हा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. मे-जूनमध्ये दुपारच्या सुमारास तो धुळ्याच्या जवळजवळ डोक्यावर येतो आणि सगळा मुलूख चपटा दिसतो.

चंद्रासाठी हीच पद्धत, फक्त तीन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, क्यूजीआयएसच्या प्रोजेक्टमध्ये ग्रहाचा आकार सांगणारा लंबगोल पृथ्वीचाच राहिला तर सगळी अंतरं सुमारे ३.७ पट मोठी येतात. चंद्रावरचा एक अंश ३०.३ किलोमीटरचा, पृथ्वीवरचा १११ चा. त्यामुळे आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या (आयएयू) २०१५ च्या यादीतला ३०१०० हा चंद्राचा संदर्भ निवडा. दुसरं, डेम अंशांत असेल तर जीडीएएल या साधनाच्या हिलशेडमधल्या स्केलच्या रकान्यात ३०३२३ भरा. पृथ्वीसाठीचा १,११,१२० हा आकडा तसाच राहिला तर उतार साडेतीन पटींहून जास्त मऊ होतात आणि चित्र फिकट येतं. तिसरं, उंची मीटरमध्ये आहे की किलोमीटरमध्ये हे डेमसोबतच्या माहितीच्या फाइलीत (लेबलात) वाचा. ६० अंश उत्तर ते ६० अंश दक्षिण या पट्ट्यासाठी एसएलडेम २०१५ घ्या. नासाच्या एलआरओ यानाचा लेझर आणि जपानच्या कागुया यानाचा कॅमेरा मिळून केलेलं हे डेम विषुववृत्तावर सुमारे ५९ मीटरचं आहे. चार दिशांची चार हिलशेड काढा आणि रेघ किमान दोन दिशांत दिसली तरच नकाशावर ओढा. फक्त छायाचित्रांवरून रेघा ओढून दिशांचा गुलाब (कुठल्या दिशेला किती रेघा, याचा पाकळ्यांसारखा आलेख) काढला, तर उत्तर-दक्षिण पाकळ्या फुगतात आणि ते भूगर्भातल्या ताणाचं लक्षण म्हणून वाचलं जातं. खरं तर ते सूर्याचं काम असतं.

ध्रुवांकडे चित्र पालटतं. चांद्रयान-३ उतरलं ते ६९ अंश दक्षिणेला. तिथे भर दुपारीही सूर्य २१ अंशांच्या आसपास आणि उत्तरेला. पूर्व-पश्चिम कणा तिथे स्पष्ट दिसेल.

मात्र चंद्रावर धुळ्यासारखी भिंत शोधू नका. इथे पावसाने आणि तापी-पांझरेच्या पाण्याने वरचा थर नेला, म्हणून कठीण डाइक उघडा पडला. चंद्रावर तसं झिजवणारं पाणी नाही. डाइक वर पोचण्याआधीच थांबतो, त्याच्यावरची जमीन ताणून खचते आणि लांब चर तयार होतो. हायजिनस या चंद्रविवराच्या चरातली खड्ड्यांची माळ अशीच वाचतात. खान्देशात जिथे कणा, तिथे चंद्रावर घळ. आणि ज्यांची वर काहीच खूण उरली नाही, तेही सापडतात : नासाच्या ग्रेल मोहिमेच्या जुळ्या यानांनी २०१२ मध्ये गुरुत्वाकर्षण मोजलं, त्यात शेकडो किलोमीटर लांबीच्या सरळ रेघा मिळाल्या. त्या प्राचीन डाइक मानल्या जातात. त्या मोजणीला सूर्य कुठून येतो याने काही फरक पडत नाही, म्हणून छायाचित्रावरून काढलेला दिशांचा नकाशा तिच्याशी ताडून पाहायला हवा.