उभी टाचणी

गच्चीतल्या कमळाच्या टबाकडे आई कायम संशयाने बघते. "डास होतील बघ," हे तिचं रोजचं. परवा मात्र तिनेच हाक मारली. "अरे, त्या पानात पिवळी टाचणी कुणी टोचून ठेवलीय?"

टाचणीच होती, पण उडणारी. चतुराची नाजूक चुलत बहीण. चतुर पंख पसरून बसतो, ही बहुतेक वेळा पाठीवर मिटून. छाती हिरवट, पोट हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळंधमक, ना ठिपका ना रेघ. जेमतेम दीड इंचाच्या या जिवाला १७९८ साली फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने थेट कोरोमंडल किनाऱ्याचं नाव चिकटवलं. सेरिअग्रियॉन कोरोमंडेलिॲनम! म्हणेपर्यंत ती उडून जाईल.

जवळ गेलो तर दोन निघाल्या. मळकट तपकिरी मादी पानाच्या कडेला बसून, पोट पाण्यात वाकवून देठात अंडी घालत होती. नराने शेपटाच्या टोकाच्या चिमट्याने तिची मान पकडली होती आणि बाकी सगळा देह हवेत, सरळ उभा. पाय पोटाशी घेतलेले, आधार कशाचाच नाही. दुसरा नर मध्ये घुसू नये म्हणून हा पहारा. झुळूक आली की जरासा डुलायचा, पुन्हा ताठ.

लहानपणी गावाबाहेरच्या तळ्यावर या ढिगाने दिसायच्या. संथ पाणी, काठाला लव्हाळे, पाणकणीस, शेवाळ; आपण ज्याला घाण म्हणतो ते सगळं यांना हवं असतं. मग तळ्याचं 'सुशोभीकरण' झालं. दगडी काठ, कारंजं, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट. आता अंडी घालायला देठ नाही की कात टाकायला पिल्लाला वर चढायला काडी नाही. कारंजंही वर्षभरातच बंद पडलं.

आईला पिल्लांचं सांगितलं. पाण्यात राहतात, शेपटाला पानांसारखे तीन कल्ले, आणि खालचा ओठ घडी करून ठेवलेला. डासाची अळी टप्प्यात आली की तो ओठ झटक्यात पुढे फेकून पकडतात.

"मग हे आधी सांगायचंस ना!"

तेव्हापासून टबातला एकही पिवळा पडलेला देठ मला कापू देत नाही. संध्याकाळी डासांची अगरबत्ती मात्र लावतेच, तीही टबाशेजारी.