तुम्ही विचारलंत म्हणून: देशी गुरांना रोग होत नाहीत का?

गेल्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. आमच्या कोलशेत रोडच्या सोसायटीत गीर गाईचं दूध काचेच्या बाटलीतून येतं. ती बाटली हातात घेऊनच खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अगं, तू गुरांच्या जनुकांवरच काम करतेस ना? मग तूच सांग, देशी गाईला रोगबिग होत नाहीत, हे खरं ना?"

मी म्हटलं, "होतात, काकू." त्यांना ते आवडलं नाही. कुणालाच आवडत नाही. नातेवाईक विचारतात, शाळेच्या ग्रुपवरची मंडळी विचारतात, आणि विचारतानाच त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. मी फक्त मान डोलवायची असते. नाही डोलवली, तर मी विदेशी गाईंची बाजू घेणारी ठरते. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी त्यातलं खरं आहे ते. वशिंडाच्या, म्हणजे आपल्या देशी गुरांच्या अंगावर गोचीड कमी टिकतात. गोचीडतापाचा, म्हणजे थायलेरियाचा परजीवी रक्तातल्या पांढऱ्या पेशींत घुसतो आणि संकरित गाय बघता बघता हातची जाते, हे आपल्याकडच्या प्रत्येक दूधवाल्याने पाहिलेलं आहे. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशी साहिवाल आणि विदेशी होल्स्टीन वासरांना या परजीवीची सारखीच मात्रा दिली होती. लागण दोन्हींकडे झाली. साहिवाल वासरांना त्रास कमी झाला आणि ती सावरली. होल्स्टीनची अवस्था फार वाईट झाली. साहिवालचं शरीर आतला दाह आवरतं, आणि हा गुण रक्तात उतरतो. माझं सगळं काम याच धाग्यावर चाललंय, तर मी ते नाकारेन कशाला? पण 'लागण दोन्हींकडे झाली' हे वाक्य पुढे सांगताना गळतं. दरवेळी गळतं.

शिवाय हे झालं गोचीडतापाचं. ब्रुसेला, म्हणजे गाभ पाडणारा रोग, देशी गाईलाही होतो आणि कच्च्या दुधातून माणसापर्यंत येतो. काकू, दूध उकळूनच प्या, बाटली कितीही महाग असू दे. आणि 'देशी' म्हणजे नेमकी कुठली? जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत देशी गाईंच्या पन्नासाहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. सौराष्ट्रातल्या कोरड्या हवेतली गीर आणि आपल्या शहापूरच्या धो धो पावसात चिखलणी करणारी डांगी, दोघींना एकाच शब्दात कसं बसवायचं?

आता जे सांगायचं आजवर टाळलं, ते सांगते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये डोळखांबकडच्या एका पाड्यावर मी शेतकऱ्यांशी बोलायला गेले होते. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, डांगी गुरं राखा. काळीपांढरी, तेलकट कातडीची, पावसात न खचणारी ही जात लोक सोडून देत होते, त्याचं मला वाईट वाटत होतं. बोलणं संपल्यावर कुणीतरी लंपीचं, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या विषाणूच्या रोगाचं विचारलं. तो ओडिशात २०१९ मध्येच आलेला होता, हे मला माहीत होतं. पातळ कातडीच्या युरोपीय गाईंना तो जास्त जाचतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. मी म्हटलं, "तुमची गुरं काटक आहेत. संकरित गाईंना होईल तेवढा त्रास यांना नाही व्हायचा."

सप्टेंबरात लंपी राज्यभर पसरला. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचत पथकं गावोगाव फिरली. पाड्यावरही आली. एका म्हाताऱ्या बाबांनी आपली गुरं त्या दिवशी रानात सोडली आणि पथकाला सांगितलं, डांगीला गरज नाय. ऑक्टोबरात त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा हळवं भात कापणीला आलं होतं.

मी आसनगावला लोकलने उतरले, पुढे जीपने गेले. गोठ्यात शिरायच्या आधीच वास आला. बाबांचा बैल चांद्या आडवा पडला होता. मानेपासून मांडीपर्यंत सुपारीएवढ्या गाठी, काही फुटलेल्या, आत लाल खड्डे. पुढचे दोन्ही पाय खांबासारखे सुजलेले, मानेखालची पोळी पाण्याने भरून लोंबत होती. नाकातून घट्ट शेंबूड, आणि तोंडात जिभेवरही चट्टे, त्यामुळे पाणी पुढे धरलं तरी तो फक्त ओठ बुडवायचा. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर रोज येऊन इंजेक्शन देत होते, जखमा धूत होते. करण्यासारखं जे होतं, ते त्यांनी सगळं केलेलं होतं. बाबा उशाशी बसून निरगुडीच्या डहाळीने माश्या वारत होते.

"तुमीच बोलल्या व्हत्या ना म्याडम, डांगीला काय व्हत नाय."

आवाजात राग नव्हता. ते मला विचारत होते, कदाचित आपलं ऐकण्यात चुकलं असेल म्हणून. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बाबा, मी 'तेवढा नाही' म्हटलं होतं."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा माश्या वारायला लागले.

ते वाक्य मला परत घेता येत नाही. शब्दाने शब्द खरं होतं ते. पण बैल मरायला टेकलेला असताना मी माझं 'तेवढा' वाचवत होते.

शेजारच्या दावणीला पवळ्या उभा होता. जोडीतला दुसरा. त्यालाही लस नव्हती, गोठा तोच, माश्या त्याच. मी त्याच्या अंगावरून हात फिरवला, मानेवर, मांड्यांच्या आत, शेपटीच्या बुडाशी. एक गाठ नाही. आणि तेव्हा, चांद्या मागे धापा टाकत असताना, मला आनंद झाला. ज्याच्या शोधात मी वर्षानुवर्षं हिंडत होते, ते समोर उभं होतं. पवळ्याच्या शेपटीखालच्या शिरेतून रक्त घेऊन जांभळ्या टोपणाच्या नळीत भरलं, एक साध्या नळीत घेतलं, दोन्ही बर्फाच्या डब्यात ठेवल्या. डबा मांडीवर घेऊन त्याच संध्याकाळी ठाण्याला परतले. चांद्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. खोल खड्डा काढून चुना टाकून त्याला पुरला. पंचनामा झाला. ओढकामाच्या जनावरामागे सरकारने २५,००० रुपये ठरवले होते, ते मिळाले. जोडी मात्र फुटली, आणि पुढच्या पावसात बाबांनी भाड्याच्या पॉवर टिलरने चिखलणी केली.

माझी बाजूही ऐका. लस घेऊ नका, असं मी कधीच म्हटलं नव्हतं. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला तीनेक आठवडे लागतात, आणि लस घेतलेली जनावरंही आजारी पडलेली मी पाहिली आहेत. चांद्या तरीही गेला असता, कुणी सांगावं? हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. मग आठवतं की लस घेतलेल्यांतली बहुतेक वाचली होती.

फेब्रुवारीतल्या त्या बाईला आज मी काय सांगू? डांगीचं कौतुक करू नकोस? पण ते केलं नाही तर ही जात उरणार कशी? संकरित गाईंच्या मागे लागून ती गेली, तर मी रक्त कुणाचं तपासू? तिचं चुकलं, हे मला कळतं. तिने नेमकं काय बोलायला हवं होतं, ते अजून नीट सापडत नाही.

पवळ्याच्या रक्तात लंपीची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे लागण त्यालाही झाली होती, फक्त अंगावर दिसली नाही. प्रयोगशाळेत मुद्दाम लागण केलेल्या गुरांतही निम्म्याच्या आसपास अशी निघतात. ते जनुकांमुळे, की वयामुळे, की माशीने कमी विषाणू सोडला म्हणून, हे एका बैलावरून कळत नाही. अशी शेकडो जनावरं लागतात, आजारी आणि निरोगी, एकाच गोठ्यातली. एखादं जनुक बोट दाखवून सापडेल, असंही नाही. बारीकबारीक परिणाम करणारी पुष्कळ असतात. आणि पवळ्या तर बडवलेला, म्हणजे खच्ची केलेला. त्याच्या रक्तात काही असलंच, तरी ते त्याच्यापाशीच संपणार.

त्याची आई मात्र बाबांच्या गोठ्यात आहे. यंदा पावसाआधी गेले, तेव्हा तिला खोंड झालेला होता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. बाबांनी तिची शेपटी धरली, मी रक्त घेतलं. "हिला लस मारलीय," ते आपणहून म्हणाले. "खोंडालापन मारायची हाय. पन ह्याला बडवू का वळू ठेवू, ते तुमी सांगा."

बडवायला अजून दोनेक वर्षं आहेत. मी त्यांना काहीच सांगितलेलं नाही.